परत आल्यावर काय करतेस, ते बघ

पोरी, जवळचं माणूस निघून जाताना कुणाच्याही पोटात कालवतं. त्यावरून फारसं काही कळत नाही. ते माणूस परत आलं की तू काय करतेस, तिकडं लक्ष दे.

हे मी पुस्तकाच्या आधी शाळेत बघितलं. पैठण तालुक्यात जिल्हा परिषदेच्या शाळेवर होते तेव्हाची गोष्ट. दिवाळी झाली की उचल घेतलेली जोडपी मुकादमाच्या मागं कारखान्याकडं ऊस तोडायला निघायची. काही लेकरं आईबापासंगं फडावर जायची, काही आजीपाशी राहायची. हंगामी वसतिगृहं सुरू झाल्यावर काहींची सोय तिथं झाली. मार्च-एप्रिलात ट्रॅक्टर गावात परतायचे. एखादं पोर धावत जाऊन आईच्या कमरेला मिठी मारायचं, पोटभर रडायचं आणि थोड्या वेळानं खेळायला पळायचं. दुसरं चिकटायचं ते सुटायचंच नाही. कडेवर घेतलं तरी रड, खाली ठेवलं तरी रड, मधेच आईलाच चापटी. तिसरं मात्र ओट्याखाली मातीत रेघोट्या ओढत बसायचं, मान वर करायचं नाही. बाया कौतुकानं म्हणायच्या, "किती शहाणं लेकरू, काही त्रास नाही त्याचा." मला त्या तिसऱ्याचीच काळजी जास्त वाटायची.

पुढं वाचनात आलं की मेरी एन्सवर्थ नावाच्या मानसशास्त्रज्ञ बाईंनी १९५४-५५ मध्ये युगांडात घरोघरी जाऊन आया आणि लेकरं अशीच न्याहाळली होती. नंतर अमेरिकेत बाल्टिमोरला त्यांनी प्रयोग केला. वर्षभराचं लेकरू अनोळखी खोलीत ठेवायचं, आई थोडा वेळ बाहेर जाणार, मग परत येणार. सगळं मिळून २० मिनिटांचं काम. आई गेल्यावर लेकरू किती रडलं यापेक्षा ती आल्यावर ते कसं वागलं, याला त्यांनी महत्त्व दिलं. त्यांनाही हीच तीन तऱ्हेची लेकरं दिसली: निश्चिंत, धास्तावलेली आणि लांब राहणारी. पुढच्या संशोधकांनी त्या लांब राहणाऱ्या, वरून शांत दिसणाऱ्या लेकरांच्या हृदयाचे ठोके मोजले, तर ते वाढलेले निघाले. आतून तीही घाबरलेलीच होती, फक्त दाखवत नव्हती.

मोठेपणी प्रेमातही हेच दिसतं का, हे बघायला हझान आणि शेव्हर या दोघांनी अमेरिकेत डेन्व्हरच्या एका दैनिकात प्रश्नावली छापली. १९८७ साली त्याचा निष्कर्ष आला. उत्तरं देणाऱ्यांत निम्म्याहून थोडे जास्त निश्चिंत, पाव हिस्सा लांब राहणारे आणि साधारण पाचातला एक धास्तावलेला. म्हणजे तू जशी आहेस तशी एकटी नाहीस.

यावरून आईला दोष देत बसू नकोस. कोयत्यावर जाणाऱ्या बाईला पोर मागं ठेवायची हौस नव्हती. उचल फिटायची होती. शिवाय आपल्याकडं लेकरू एकट्या आईच्या हाती वाढत नाही. आजी, आत्या, शेजारच्या काकू, यांतलं एक जरी माणूस हाकेला ओ देणारं मिळालं तरी पोर सावरतं, हे मी डोळ्यांनी बघितलंय. आणि लहानपणची सवय जन्माला पुरत नाही. भरवशाचं माणूस भेटलं, दिलेल्या शब्दाला जागणारी मैत्रीण मिळाली, की धास्तावलेली माणसंही निवांत होत जातात. वेळ लागतो एवढंच.

आता तुझं बघ. त्यानं मेसेज वाचला, उत्तर नाही. छातीत धडधडायला लागलं, एकामागून एक पाच मेसेज गेले, शेवटचा "राहू दे, कळलं मला" असा गेला, तर तुझी जात धास्तीची. अशा वेळी पहिल्या मेसेजवर थांब. फोन दुसऱ्या खोलीत चार्जिंगला लाव आणि हाताला काम दे. कणीक मळ, भाजी निवड. तासाभरानं बघ. काही हवं असेल तर सरळ माग: "आज मन लागत नाही, रात्री दहाला दहा मिनिटं बोलशील का?" अबोला धरून, त्याला कळतंय का याची परीक्षा घेऊ नकोस. त्या परीक्षेत कुणी पास होत नाही.

आणि कुणी फार जवळ आलं की जीव गुदमरत असेल, नसलेली कामं आठवत असतील, तर तू त्या मातीत रेघोट्या ओढणाऱ्यांपैकी. एकांत तुला लागणार, तो खुशाल घे. फक्त उठून जाताना परत यायची वेळ सांगत जा. "आत्ता मला बोलवत नाही. जेवणं झाली की बोलू." आणि जेवणं झाली की खरंच बोल. ही दोन तऱ्हेची माणसं एकमेकांना फार सापडतात. मग एक मागं लागतं, दुसरं पळतं, आणि जितकं एक मागं लागेल तितकं दुसरं जोरात पळतं. त्या फेऱ्यातून बाहेर पडायला परत यायची वेळ सांगणं जेवढं उपयोगी पडतं, तेवढं दुसरं काही उपयोगी पडताना मी बघितलं नाही.

घरच्यांपुढं आपली हद्द आखतानाही हेच: सरळ सांगायचं आणि सांगितलेलं पाळायचं. आपल्या शहरात पाण्याचा दिवस म्हणजे काय असतो ते तुला माहीत आहे. पैठणचं धरण भरलेलं असलं तरी नळ येतो कित्येक दिवसांनी, तोही अवेळी. माझ्या नात्यातली एक सून शेंद्र्याच्या एमआयडीसीत नोकरीला. नळ आला की रात्री तीच उठायची, मोटर लावायची, टाकी, ड्रम, हंडे भरायची आणि पहाटे कंपनीची बस गाठायची. दोन वर्षं हूं की चूं केलं नाही. मग एका रात्री हातातली बादली आपटून तिनं लग्नातल्या मानपानापासून सगळं काढलं. सासरची माणसं अवाक. त्यांना वाटत होतं, हिला चालतंय.

तिला मी सांगितलं, पाण्याच्या रात्री बोलू नकोस. रविवारी दुपारी, सगळे चहाला बसले की बोल. ते काय करत नाहीत ते सांगू नकोस, तू काय करणार ते सांग. तिनं सांगितलं: "माझी फर्स्ट शिफ्ट असते त्या आठवड्यात रात्री मी उठणार नाही. दुसऱ्या आठवड्यात सगळं पाणी मी भरीन." मान हलवून सगळ्यांनी हो म्हटलं. पुढच्या पाण्याला कुणीच उठलं नाही. ड्रम कोरडे, सकाळी सासूबाईंच्या तोंडावर बारा वाजलेले, पिण्याला जार आणावा लागला. अवघड घडी ती होती. तिला उठून दोन हंडे भरावेसे वाटत होते, पण ती अंथरुणात पडून राहिली, सकाळी सगळ्यांना चहा देऊन कामावर गेली, अबोला धरला नाही. त्यानंतरच्या खेपेला सासऱ्यांनी स्वतः मोटर लावली. दुसऱ्या आठवड्यात तिनं शब्द पाळला आणि पाणी भरलं, म्हणूनच तिच्या नकाराला वजन आलं.

धमकीत आणि हद्दीत फरक कर. "पुन्हा असं बोललात तर बघा" ही धमकी, तिनं भांडण वाढतं. "आवाज चढला की मी आतल्या खोलीत जाईन, अर्ध्या तासानं परत येईन" ही हद्द. गावाकडून आई दिवसातून सहा वेळा फोन करते ना? तिला "सारखा करू नको" म्हणू नकोस. रोज साडेआठला तू कर, न चुकता कर. मग वर्गात असताना तिचा फोन उचलला नाहीस तरी तिचा जीव टांगणीला लागणार नाही. एटीएमचा पिन, मोबाईलचा पासवर्ड, पगाराचं खातं, हे प्रेमाचा पुरावा म्हणून कुणाच्या हाती देऊ नकोस. मागणारा कितीही गोड असला तरी.

यातलं काहीही मारहाणीच्या घरात चालत नाही. जिथं हात उगारला जातो, फोन काढून घेतात, दाराला बाहेरून कडी लावतात, तिथं रविवारच्या चहाला बोलायची वाट बघू नकोस. तिथून आधी बाहेर पड. ११२ लाव किंवा महिलांसाठीचा १८१ लाव. २००५ चा कौटुंबिक हिंसाचाराचा कायदा आहे, त्याखाली संरक्षण अधिकारी नेमलेले असतात. नवऱ्याच्या घरात राहायचा हक्कही त्यात आहे. आणि मारहाण नाही, पण धास्ती हटतच नाही, झोप उडाली आहे, असं असेल तर १४४१६ हा टेलि-मानसचा नंबर, फुकट, मराठीत बोलता येतं. समोर बसून बोलायचं असेल तर घाटीच्या सरकारी दवाखान्यात मानसोपचाराची ओपीडी आहे. केसपेपरला रांग असते, म्हणून सकाळी लवकर निघावं लागतं. एकटीनं जायला जड वाटलं तर आदल्या दिवशी मला फोन कर, मी येते बरोबर.