बेलरच्या सुया व गाठयंत्र : वेळ जुळविणे आणि निगा

सोयाबीनचे कुटार, भाताचा पेंढा, गव्हाचे काड, उसाचे पाचट हे सारे रानातून उचलून त्याच्या चौकोनी गासड्या बांधणारे बेलर आता महाराष्ट्रातील अनेक भागांत भाड्याने मिळू लागले आहे. काही ठिकाणी शेतकऱ्यांच्या गटांनी व अवजार बँकांनीही ते घेतले आहे. ठाणे-पालघरकडील गवताच्या वखारींत गवत दाबून गठ्ठे बांधण्याची रीत जुनी आहे. परंतु तेथे शेवटची गाठ माणसाच्या हाताने पडते. बेलरमध्ये ती यंत्राने पडते, आणि या यंत्राच्या बहुतेक तक्रारी नेमक्या याच ठिकाणी उद्भवतात.

गाठ सुटलेली गासडी म्हणजे केवळ वाया गेलेली दोरी नव्हे. ती गासडी रानात फुटते, किंवा त्याहून वाईट म्हणजे गाडीत रचताना फुटते. मोकळा झालेला चारा पुन्हा ओळीत पसरावा लागतो आणि यंत्राला त्यावरून दुसरी फेरी घालावी लागते. ऑक्टोबरात परतीच्या पावसाचे ढग जमलेले असताना सोयाबीनचे कुटार एक दिवस अधिक रानात राहिले, तर ते भिजून काळे पडते व जनावरे त्याला तोंड लावीत नाहीत. यास्तव बेलर चालविणाऱ्याइतकीच, तो भाड्याने लावणाऱ्या शेतकऱ्यालाही गाठयंत्राची ओळख असणे जरूर आहे.

गाठ चुकू लागली की चालक पाना घेऊन खाली उतरतो व दिसेल तो स्क्रू फिरवितो, असा अनुभव सर्वत्र येतो. दहा मिनिटांत यंत्राच्या चारही स्प्रिंगा मूळ जागेवरून हलतात आणि मूळचा दोष कोणता होता हे कळण्याचा मार्गच बंद होतो. प्रथम सुटलेली दोरी हातात घेऊन पाहावी; पाना नंतर घ्यावा.

गाठ कशी पडते

बेलरमधील दट्ट्या मिनिटाला साधारणतः ८० ते १०० वेळा पुढे-मागे होतो व प्रत्येक वेळी चाऱ्याचा एक थर कोठीत दाबतो. गासडी पुढे सरकते तसे तिच्यावर टेकलेले दातेरी चाक फिरते. ठरलेली लांबी भरली की हे चाक गाठयंत्राचा क्लच सोडते आणि गाठयंत्राचा दांडा एक पूर्ण फेरा घेऊन पुन्हा थांबतो. या एका फेऱ्यात दोन्ही गाठी पडतात. सारे काम सेकंदाच्या आसपास उरकते, त्यामुळे चालू यंत्रात ते डोळ्यांना दिसत नाही.

गासडीभोवतीच्या दोरीचे एक टोक मागील गाठीच्या वेळीच वरच्या तबकडीने पकडून ठेवलेले असते. कोठीच्या खाली दाभणासारख्या वाकड्या, परंतु हाताएवढ्या मोठ्या दोन सुया असतात. त्या वर येऊन दोरीचा दुसरा पदर याच तबकडीच्या खाचेत आणून ठेवतात. तबकडी थोडी फिरून दोन्ही पदर घट्ट धरते. मग ज्याला कारागीर बिल हुक म्हणतात, ती लोखंडी चोच एक गिरकी घेते. दोन्ही पदरांचा फास चोचीवर पडतो, चोचीची जीभ उघडते, दोन्ही टोके तिच्यात शिरतात व जीभ मिटते. सुरी तबकडी आणि चोच यांच्या मधोमध दोरी कापते, आणि वायपर नावाचा हात चोचीवरचा फास पुढे ओढून टोकांवरून सरकवितो. अशी गाठ पुरी होते. सुई खाली परतताना पुढील गासडीसाठी दोरीचे टोक तबकडीत ठेवून जाते.

दोरीने गाठ मारणारे असे यंत्र अमेरिकेतील विस्कॉन्सिन येथील जॉन ॲपलबी याने १८७० नंतरच्या दशकात धान्याच्या पेंढ्या बांधण्याकरिता सिद्ध केले. पुढे पेनसिल्व्हेनियातील एड नोल्ट याने स्वतः गाठ मारणारा बेलर तयार केला व १९४० पासून न्यू हॉलंड कंपनीने तो बाजारात आणला. तेव्हापासून यंत्रांचे आकार व घडण पुष्कळ बदलली असली, तरी चोच, तबकडी, सुरी व वायपर ही चौकडी तीच आहे. त्यामुळे एका बेलरवर हे काम शिकलेला मनुष्य दुसऱ्या बेलरवर सहसा अडत नाही.

सुया व दट्ट्या यांचा मेळ

सुया कोठीत शिरतात त्या वेळी दट्ट्याही तेथेच असतो. दोघांची टक्कर होऊ नये म्हणून दट्ट्याच्या तोंडाला उभ्या खाचा ठेवलेल्या असतात. दट्ट्या चारा दाबीत गासडीच्या बाजूस जात असता सुयांनी या खाचांतून वर यावयाचे असते. दट्ट्याचे तोंड तेव्हा ढालीसारखे चाऱ्याला थोपवून धरते व सुयांची वाट मोकळी राहते. सुया लवकर आल्या, तर त्या दट्ट्याच्या तोंडासमोर सापडतात व मोडतात. उशिरा आल्या, तर दट्ट्या मागे सरकू लागल्यावरही त्या कोठीतच असतात. सैल झालेला चारा त्यांच्यावर रेलतो, सुई किंचित वाकते आणि दोरी तबकडीच्या खाचेत न पडता बाजूला पडते. असा दोष असता गाठयंत्राच्या स्प्रिंगा कितीही फिरविल्या तरी उपयोग होत नाही.

हा मेळ तपासण्यापूर्वी ट्रॅक्टरचे इंजिन बंद करावे, किल्ली काढून खिशात ठेवावी आणि बेलरला शक्ती देणारा शाफ्ट ट्रॅक्टरपासून सोडवावा. शक्ती बंद केल्यावरही जड फ्लायव्हील बराच वेळ फिरत राहते. ते पूर्ण थांबल्याशिवाय कोणीही झाकण उघडू नये. फ्लायव्हील फिरत असता क्लच चुकून सुटला, तर सुया त्याच वेगाने वर येतात. तेथे बोटे असल्यास ती वाचत नाहीत.

नंतर दातेरी चाकाजवळील दांडी हाताने सोडून क्लच लावावा आणि फ्लायव्हील हातांनी, यंत्र चालते त्याच दिशेने, सावकाश फिरवावे. एका माणसाने चाक फिरवावे व दुसऱ्याने बाजूने पाहावे. पाहणाऱ्याने 'थांब' म्हटल्यावर चाक तेथेच धरून ठेवावयाचे, असे दोघांत आधी ठरलेले असावे. हात घालून पाहण्याचा मोह होऊ नये. सुयांची टोके कोठीच्या तळाशी समपातळीत आली की थांबावे. त्या क्षणी दट्ट्याचे तोंड टोकांच्या पुढे, गासडीच्या बाजूस गेलेले असले पाहिजे. ते किती पुढे असावे याचे माप प्रत्येक कंपनीच्या यंत्रासाठी वेगळे असते व ते यंत्राबरोबरच्या पुस्तिकेत दिलेले असते. दुसऱ्या यंत्राचे माप लावू नये. पुस्तिका हरवली असल्यास विक्रेत्याकडून तिची प्रत मिळवावी.

मेळ बिघडलेला आढळला, तर गिअर पेटीकडून गाठयंत्राकडे जाणारी साखळी किंवा दंतचक्र सोडवून एक-एक दाता सरकवावा व पुन्हा हाताने फेरा घेऊन पाहावे. उघडण्यापूर्वी दोन्ही चाकांच्या जुळणाऱ्या दात्यांवर रंगाचे ठिपके द्यावेत. दोन मिनिटांच्या या कामाने अर्ध्या दिवसाची शोधाशोध वाचते. चारा कोठीत लोटणाऱ्या काट्यांचाही दट्ट्याशी असाच मेळ असतो. तो आधी जुळवावा व सुयांचा नंतर.

मेळ आपोआप बिघडत नाही. साखळी सैल होऊन दाता चुकलेला असतो, दुरुस्तीनंतर चाके उलटसुलट बसविलेली असतात, किंवा दगड लागून सुयांची चौकट वाकलेली असते. कारण न शोधता केवळ दाता सरकविला, तर आठवड्याभरात तीच तक्रार परत येते.

सुयांच्या रक्षणासाठी यंत्रात एक अडसर असतो. सुया आपल्या घरातून हलल्या की हा अडसर दट्ट्याच्या वाटेत येतो. दट्ट्या अवेळी आला, तर तो अडसरावर आदळून फ्लायव्हीलमधील शिअर बोल्ट तुटतो व सुया वाचतात. हा बोल्ट तुटण्यासाठीच घातलेला असतो. तो वारंवार तुटतो म्हणून त्याऐवजी जवळ असेल तो कठीण बोल्ट ठोकून देण्याची सवय फार घातक आहे. पुढच्या वेळी बोल्ट टिकतो आणि दोन्ही सुया, प्रसंगी गाठयंत्राची चौकटही मोडते. बोल्ट वारंवार तुटत असेल, तर गाठयंत्राच्या दांड्यावरील ब्रेक पाहावा. ब्रेक सैल असला किंवा त्यावर तेल उडाले असले, तर सुया घरात स्थिर न राहता थोड्या वर तरंगतात आणि अडसर विनाकारण वाटेत येतो. अडसराच्या सांध्यात गंज व भुसा साचूनही असेच होते.

सुटलेली दोरी काय सांगते

दोरीच्या एकाच टोकाला गाठ असून दुसरे टोक मोकळे असेल, तर मोकळा पदर चोचीला सापडलाच नाही असे समजावे. तबकडीत धरलेला पदर मोकळा असेल, तर तबकडीची पकड ढिली असण्याचा संभव अधिक. तिची स्प्रिंग किंचित आवळावी. सुईने आणलेला पदर मोकळा असेल, तर सुईची जागा तपासावी. सुई वर येताना गाठयंत्राच्या चौकटीजवळून पुस्तिकेत सांगितलेल्या अंतराने गेली पाहिजे.

टोके सरळ कापलेली नसून पिंजल्यासारखी दिसत असतील, तर एक तर सुरी बोथट झाली आहे, किंवा तबकडीची पकड इतकी घट्ट आहे की दोरी तेथेच चिरडून तुटते. आधी सुरीला धार लावावी. स्प्रिंगेला हात नंतर लावावा.

दोन्ही टोकांवर चोचीच्या वळणाच्या खुणा आहेत पण गाठ नाही, अशी दोरी मिळाली, तर फास पडला होता, परंतु जिभेने टोके धरली नाहीत. जिभेची स्प्रिंग ढिली आहे. उलट, गाठ चोचीवरच अडकून तुटत असेल, तर जीभ अति घट्ट आहे, चोच गंजलेली आहे, किंवा वायपर चोचीला हलकेच घासून न जाता दूरून जातो. यांपैकी गंज सर्वांत अधिक आढळतो आणि सर्वांत कमी तपासला जातो. बारीक पॉलिश कागदाने चोच आरशासारखी गुळगुळीत करावी; कानस मुळीच लावू नये.

गाठ उत्तम आहे पण दोरी दुसरीकडेच तुटते, अशा वेळी दोष गाठयंत्राचा नव्हे. गासडी गरजेपेक्षा अधिक दाबली जात असते, किंवा सुईच्या नेढ्याला दोरीने चर पडून धारदार कड आलेली असते.

प्रत्येक स्प्रिंग एका वेळी पाव फेरा फिरवावी, तीन-चार गासड्या काढून पाहाव्यात व मगच पुढे जावे. बेलरवर दोन गाठयंत्रे असतात आणि दोन्ही एकाच वेळी क्वचितच बिघडतात. चांगले चालणारे यंत्र हेच दुसऱ्याचे माप समजावे. स्प्रिंगेची लांबी, वायपरचे अंतर, सुरीची धार ही एकापुढे दुसरी ठेवून पाहिली, तर पुष्कळदा दोष तेथेच दिसून येतो. दोन्ही यंत्रे एकदम चुकू लागली, तर दोरी बदलली आहे काय हे प्रथम विचारावे.

दोरी

सिसलची दोरी खरबरीत असते, तर प्लॅस्टिकची गुळगुळीत व बहुधा बारीक असते. एकीवरून दुसरीवर जाताना तबकडी व जीभ या दोहोंची पकड नव्याने जुळवावी लागते. स्वस्त मिळाली म्हणून हंगामाच्या मध्यावर दोरी बदलणे अखेर महागात पडते. दोरी गुंड्याच्या आतून ओढली जावी. पहिल्या गुंड्याचे बाहेरचे टोक दुसऱ्याच्या आतील टोकास लहान, सपाट गाठीने जोडावे व उरलेली शेपटे कापावीत, नाहीतर ती सुईच्या नेढ्यात अडकतात. प्लॅस्टिकच्या दोरीचे तुकडे चाऱ्यात राहिल्यास ते जनावराच्या पोटात पचत नाहीत. गासडी सोडताना दोरी गाठीजवळ कापून पूर्ण ओढून घ्यावी आणि गोठ्यात खुंटीला अडकवून ठेवावी.

हंगामात व हंगामानंतर

सोयाबीनच्या काड्या ताठ असतात व त्यांची धूळ बारीक असते. ती तबकडीच्या खाचांत बसली की दोरी खोलवर जात नाही. म्हणून दुपारच्या जेवणाच्या सुटीत व सायंकाळी, यंत्र वर सांगितल्याप्रमाणे बंद करून, गाठयंत्र ब्रशाने झाडावे. ग्रीसच्या टोप्यांना पुस्तिकेप्रमाणे वंगण द्यावे, परंतु ब्रेकवर ते उडू देऊ नये.

गव्हाचे काड व पाचट आटोपल्यावर बेलर जूनपासून सप्टेंबरअखेर उभा राहतो, आणि चोचीला गंज धरतो तो याच काळात. यंत्र छपराखाली घेण्यापूर्वी सुया व तबकडी यांतील दोरीचा प्रत्येक तुकडा काढून टाकावा. राहिलेला तुकडा हवेतील ओल धरतो व त्याच्याखाली तबकडीवर गंजाचा पट्टा उमटतो. मग चोच, जीभ, तबकडी, सुरी व सुयांची टोके यांवर ग्रीसचा जाड थर द्यावा आणि गाठयंत्रावर ताडपत्रीचा तुकडा बांधावा. दिवाळीपूर्वी यंत्र बाहेर काढल्यावर हे ग्रीस रॉकेल किंवा डिझेलने पुसून काढावे, सुयांचा मेळ हाताने एकदा तपासावा आणि पहिल्या दहा-बारा गासड्या आपल्याच बांधावरच्या वाळल्या गवताच्या काढून, त्यांच्या गाठी ओढून पाहाव्यात.