मामांपासून सुरुवात

बारामती-इंदापूर पट्ट्यात लहान मुलांचा दवाखाना चालवताना, जन्मजात प्रतिकारशक्तीच्या दोषांबद्दल हाती लागलेल्या काही गोष्टी.

१. घराण्याची चौकशी मामांपासून करावी. न्यूमोनिया, कान फुटणं, पुन्हा न्यूमोनिया, आई म्हणते, "याची प्रकृतीच नाजूक हो." तुम्हाला भाऊ किती, विचारलं की ती घुटमळते. "दोन होते. धाकटा तान्हेपणीच गेला." बीटीके या कायनेज विकराचा जनुक एक्स गुणसूत्रावर असतो, बिघाड बहुधा आईकडून येतो आणि आजारी पडतात मुलगे. हे सासूबाईंच्या देखत सांगू नये. नवरा-बायकोला आत बसवून सांगावं, नाहीतर खापर कुणावर फुटतं ते ठाऊक आहे.

२. टॉर्च मारून टॉन्सिल सुजलेत का, एवढंच बघू नये; ते आहेत का, हे बघावं. सदा आजारी मुलाच्या घशात दोन्ही बाजू सपाट दिसल्या की मी सावध होते. बीटीके बिघडला की प्रतिपिंडं बनवणाऱ्या बी-पेशी तयारच होत नाहीत, म्हणून टॉन्सिलही वाढत नाहीत. पहिले सहाएक महिने आईची प्रतिपिंडं पुरतात, म्हणून बाळ बाळसेदार दिसतं. ब्रुटन यांनी बीटीकेचा हा आजार १९५२ मध्ये नोंदवला. जनुक सापडायला १९९३ उजाडलं.

३. रक्तातल्या पेशी मोजून भरल्या म्हणजे झालं, असं नाही. नीरा डावा कालवा तुडुंब वाहतो, पण पाटकऱ्यानं दार उचललं नाही तर ऊस वाळतोच. कायनेज म्हणजे हा पाटकरी: एका प्रथिनावर फॉस्फेट चढवतो, मग पुढचं काम सुरू होतं. झॅप-७० हा कायनेज नसेल तर सीडी-४ टी-पेशी पुरेशा असूनही जंतूंचा इशारा त्यांच्या आतपर्यंत पोचत नाही. सीडी-८ तर जवळपास नसतातच.

४. मामाच्या मुलीशी लग्न झालंय का, हे सरळ विचारावं. जॅक-३ आणि झॅप-७० या कायनेजांचा बिघाड आई-बाप दोघांकडून यावा लागतो, आणि नात्यातल्या लग्नात ते सहज जुळतं. यात मुलीही सुटत नाहीत.

५. आधीचं भावंड कारण न कळता दगावलं असेल, तर बीसीजी आणि पोलिओचे थेंब तपासणी होईपर्यंत थांबवावेत. जिवंत लस अशा बाळाला भोवते.

६. परळला केईएमच्या आवारात राष्ट्रीय प्रतिरक्षा-रक्तविज्ञान संस्था आहे. तिथे पाठवायला उशीर नको. बीटीकेच्या मुलाला दर तीन-चार आठवड्यांनी इम्युनोग्लोब्युलिन लागतं, तेही जन्मभर. जॅक-३ च्या बाळाला मूळपेशी प्रत्यारोपण हवं, शक्यतो साडेतीन महिन्यांच्या आत. २०२१ च्या दुर्मीळ आजार धोरणाखालच्या मदतीचे कागद पहिल्याच फेरीत मागून घ्यावेत.