ग्रंथपालांची ‘योग्या’

सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानातील नवव्या अध्यायात शिष्याने छेदनकर्म प्रथम कोहळा-भोपळ्यावर करावे असे सांगितले आहे. योग्येवाचून शास्त्र हाती येत नाही. 2006 साली अमेरिकेतील शार्लट येथील सार्वजनिक ग्रंथालयात हेलीन ब्लोवर्स यांनी सहकाऱ्यांना आंतरजालाची नवी साधने अशीच शिकविली. वर्ग नाही, व्याख्यान नाही. आंतरजालावर मांडलेल्या 23 कृती ज्याने-त्याने स्वतः करावयाच्या. आरंभीच स्वतःचा ब्लॉग उघडून त्यात अनुभव नोंदवावयाचा. पुढे छायाचित्रे, विकी, पॉडकास्ट. अभ्यासक्रम पूर्ण करणाऱ्यास एमपी-3 प्लेअर मिळे (आमिषच म्हणा ना!). आपण वैद्य व औषधालयचालक मात्र संगणक मदतनिसाच्या हाती सोपवून मोकळे होतो, हे मला धोक्याचे वाटते. मी स्वतः प्रथम पंधरा दिवस काल्पनिक रुग्णांच्याच नोंदी केल्या. त्यांत एकदा भस्माची मात्रा दसपट पडली होती.