पाण्यावरची रेघ

भूगोलाच्या तासाला सरांनी जैसलमेरजवळच्या मरुभूमी राष्ट्रीय उद्यानाची माहिती सांगितली. ३,१६२ चौरस किलोमीटरचा तो प्रदेश, तेथला माळढोक आणि त्याच हद्दीत गुरेमेंढ्या राखून जगणारी गावे. असले संरक्षित क्षेत्र आपण कधी पाहणार, असे मी सहज बोलून गेलो. सर हसून म्हणाले, "अरे, तुझे घरच अभयारण्याच्या काठावर आहे!"

खरेच होते ते. मालवण सागरी अभयारण्य १९८७ साली जाहीर झाले. एकूण क्षेत्र सुमारे २९ चौरस किलोमीटर. त्यापैकी सुमारे ३ चौरस किलोमीटर गाभा. सिंधुदुर्ग किल्ला, पद्मगड आणि भोवतीचे बुडालेले खडक या गाभ्यात येतात. माझ्या घरी मात्र 'अभयारण्य' हा शब्द भांडणापुरताच निघे. आमच्या घरात कॉलेजात जाणारा मी पहिलाच; म्हणून या शब्दाचा अर्थ शोधणे माझ्याकडे आले.

एका रविवारी ओहोटीला बाबांबरोबर होडीतून किल्ल्याच्या मागे गेलो. पर्यटकांना समुद्रतळ दाखवणाऱ्या चुलतभावाचा चष्मा लावून पाण्यात डोके घातले. ज्यांना मी जन्मभर खडक समजत होतो, ती प्रवाळे होती! प्रवाळ हा प्राणी होय. त्याच्या अंगात सूक्ष्म शैवाल राहते व त्याला अन्न पुरवते. पाणी फार तापले की शैवाल निघून जाते आणि प्रवाळ पांढरे पडते. गोलसर दगडी प्रवाळ वर्षाला जेमतेम सेंटिमीटरभर वाढते. त्याच्या कपारीत माशांची पिले आसरा घेतात. लहानपणी अशाच 'दगडां'वर मी कितीदा नांगर टाकला असेल, या विचाराने मन खजील झाले.

बाबांना हे सारे सांगितले. ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "रेघ मारा, पण आमका इचारून मारा."

मला वाटते, सारा प्रश्न या एका वाक्यात आहे. कोळी-गाबीत समाजाला बंधन नवे नाही. पावसाळ्यात होड्या किनाऱ्यावर ओढायच्या आणि नारळी पौर्णिमेला समुद्राला नारळ वाहायचा, ही जुनी रीत. आज १ जून ते ३१ जुलै यांत्रिक नौकांना कायद्याने बंदी आहे. तिच्यामागे माशांच्या विणीचे तेच शहाणपण आहे. उलट २०१७ साली बंदी येऊनही एलईडी दिव्यांची मासेमारी थांबलेली नाही, ही रापणकरांची तक्रार आहे. म्हणजे मच्छीमाराला नियम नको असतो असे नव्हे. तो सर्वांना सारखा हवा असतो.

वाळवंटातला मेंढपाळ आणि आमचा रापणकर एकमेकांना कधी भेटणार नाहीत; पण दोघांचाही प्रश्न एकच आहे. प्रवाळ वाचले तर मासा वाचेल आणि मासा वाचला तर आम्ही. हे बाबांना पटले आहे. आता रेघ मारणाऱ्यांनी एकदा आमच्या होडीत बसावे, एवढेच मागणे आहे.