बी रुजवायला सोसायटीचं खत

वाशी, नेरूळ, घणसोलीतल्या अनेक सोसायट्यांमध्ये आता खत तयार होतं. 5,000 चौरस मीटरपेक्षा मोठ्या आवारांनी ओला कचरा शक्यतो आवारातच जिरवावा, असं 2016 च्या घनकचरा नियमांनी सांगितलं, तेव्हापासून त्याला वेग आला. हे खत मोठ्या झाडांना बिनधास्त घाला. बी पेरायला मात्र पारखून घ्या. रुजण्यापुरती शिदोरी बियातच असते. त्याला बाहेरून हवा लागते, ओल लागते आणि मुळं न भाजणारी जागा लागते. कच्चं खत नेमकं इथेच घात करतं: त्यातला अमोनिया कोवळी मुळं जाळतो.

आधी खत मुठीत घ्या. काळपट, भुसभुशीत असावं. भाजीचं देठ, साल ओळखू येत असेल तर ते अजून कच्चं आहे. मग मूठभर ओलसर खत प्लॅस्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून तीन दिवस सावलीत ठेवा. पिशवी उघडल्यावर मातीचा वास आला तर ठीक. नाकात झोंबलं किंवा आंबूस आलं तर महिनाभर थांबा.

खरी परीक्षा मेथीची. दोन वाट्या घ्या. एकीत धुतलेलं कोकोपीट, दुसरीत तेच कोकोपीट आणि खत निम्मंनिम्मं. दोन्हींत दहा-दहा दाणे पेरून सारखंच पाणी द्या. मेथी तीन-चार दिवसांत वर येते. पहिल्या वाटीत नऊ आणि दुसरीत चारच रुजले, किंवा मुळांची टोकं तपकिरी पडली, तर ते खत पेरणीला नको. दोन्ही वाट्या सारख्या हिरव्या झाल्या की निर्धास्त व्हा.

आता मिश्रण. कोकोपीटची वीट पाण्यात फुगवा, पिळा, पाणी फेका. असं दोन-तीनदा करा, कारण नारळाच्या काथ्यात मीठ असतं. खाडीची रेतीही त्याच कारणासाठी टाळा. खत चार मिलिमीटरच्या चाळणीतून चाळा. दोन भाग कोकोपीट, एक भाग खत. गांडूळखत असेल तर आणखी कमी, पाचात एक भाग पुरे. मिश्रण मुठीत दाबलं की गोळा व्हावा, पण पाणी ठिबकू नये.

टोमॅटो, मिरची, वांगी ट्रेमध्ये अर्धा सेंटिमीटर खोल टाका. तुळशीचं बी वरच भुरभुरा, झाकू नका. धणे तळव्यावर रगडून दोन फाका करा आणि मेथीसारखेच थेट कुंडीत पेरा. त्यांना स्थलांतर मानवत नाही.

पावसाळ्यात ट्रे गॅलरीत छताखाली ठेवा. जून-जुलैच्या दमट हवेत रोपं बुडाशी मऊ होऊन आडवी पडतात, ही रोपमर. त्यावर औषधापेक्षा पाणी कमी देणं, दाट न पेरणं आणि वारा खेळता ठेवणं जास्त कामी येतं. वरचा थर कोरडा दिसला की सकाळी पाणी द्या. मिरची सावकाश येते. दहा दिवस काही दिसलं नाही तरी ट्रे उकरू नका.

विकतची पिशवी घ्यायची असेल तर भरल्याची तारीख वाचा आणि हीच मेथीची परीक्षा तिलाही लावा. पण त्याआधी एकदा सोसायटीच्या माळ्याला विचारा: खताची टाकी शेवटची कधी भरली होती?