सोनेगावचा विमानतळ

सातपुड्याच्या पायथ्याशी, वरूडपासून थोड्याच अंतरावर शेंदूरजनाघाट हे गाव आहे. संत्र्यांच्या बागांसाठी आणि संत्र्याच्या कलमांसाठी त्याची दूरवर ख्याती आहे. जंबेरीच्या रोपावर संत्र्याचा डोळा भरून येथील माळी कलमे तयार करतात, आणि पावसाळा लागला की ती गावोगाव रवाना होतात. कलमांचा असो की फळांचा असो, हा सारा व्यवहार एके काळी पत्रांवर चाले. टेलिफोन खेड्यांतून नव्हता. तार महाग पडे. किती माल हवा, कोणत्या दिवशी हवा, पैसे केव्हा पाठविले, हे पत्राने कळवावयाचे आणि उत्तराची वाट पाहत बसावयाचे. संत्रे हे नाशिवंत फळ. ते झाडावर फार दिवस थांबत नाही, आणि तोडल्यावर तर मुळीच थांबत नाही. म्हणून येथल्या बागाइतदारास पोस्टमनची चाहूल मेघांच्या चाहुलीइतकीच महत्त्वाची वाटे.

समजा, १९५० च्या सुमारास अशा एका बागाइतदाराने कलकत्त्याच्या व्यापाऱ्यास पत्र टाकले. ते मोटारीने व रेल्वेने नागपुरास जाई. तेथून पुढे रेल्वेचा लांबचा प्रवास उरलेला असे. परंतु त्या काळात अशा पत्राला एक निराळी वाट खुली झाली होती. नागपुरास पोचलेले टपाल रात्री शहराच्या नैर्ऋत्येस असलेल्या सोनेगावास जाई, आणि उजाडण्याच्या सुमारास ते कलकत्त्यास उतरे. ही वाट आकाशातून जाणारी होती.

सोनेगाव हे मूळचे एक लहानसे गाव. भोसल्यांच्या काळातला तेथील तलाव आजही आहे. पहिल्या महायुद्धाच्या अखेरच्या काळात, १९१७-१८ च्या सुमारास, ब्रिटिशांच्या लष्करी विमानांसाठी या गावाजवळच्या मोकळ्या जमिनीवर विमानतळ तयार करण्यात आला. विमान उडविण्याची विद्या तेव्हा अगदी बाल्यावस्थेत होती. राईट बंधूंचे पहिले उड्डाण होऊन जेमतेम चौदा-पंधरा वर्षे झाली होती. पुढे दुसऱ्या महायुद्धात या जागेचे महत्त्व एकाएकी वाढले. एका टोकाहून दुसऱ्या टोकास जाणाऱ्या लष्करी विमानांना वाटेत उतरण्यास हे ठिकाण सोयीचे पडे. जुन्या इमारती दुरुस्त झाल्या. ब्रिटिश निघून गेले तेव्हा हा तळ स्वतंत्र भारताच्या सरकारकडे आला.

स्वतंत्र भारतापुढे प्रश्नांचे डोंगर उभे होते. टपाल वेळेवर पोचविणे हा त्यांत लहानसा वाटणारा, परंतु घराघराशी संबंध असलेला प्रश्न होता. मुंबई, दिल्ली, कलकत्ता आणि मद्रास ही देशातील चार मोठी शहरे चार दिशांना. एका शहरातले पत्र दुसऱ्या शहरात आगगाडीने पोचण्यास दोन-दोन दिवस लागत. विमानाने टपाल न्यावे हे तर उघडच होते. पण ते कसे न्यावे? प्रत्येक शहरातून उरलेल्या तीन शहरांकडे रोज एकेक विमान सोडावयाचे म्हटले, तर चार त्रिक बारा विमाने लागतील. तेवढी विमाने आणावयाची कोठून, आणि त्यांचा खर्च सोसावयाचा कोणी?

या कोड्याचे उत्तर भारताच्या नकाशातच होते. नकाशावर ही चार शहरे दाखवून त्यांना जोडणाऱ्या रेषा काढल्या, तर त्या नागपूरच्या आसपास एकमेकींस छेदतात. मुंबई-हावडा आणि दिल्ली-मद्रास हे दोन मोठे लोहमार्गही नागपुरासच मिळतात. तेव्हा असे ठरले की, चारही शहरांतून रोज रात्री एकेक विमान टपाल घेऊन निघावे आणि चौघांनीही मध्यरात्रीच्या सुमारास सोनेगावास उतरावे. तेथे थैल्यांची अदलाबदल करावी. मुंबईच्या विमानाने दिल्ली, कलकत्ता व मद्रास येथील थैल्या त्या त्या विमानांना द्याव्यात आणि त्यांनी आणलेल्या मुंबईच्या थैल्या स्वतः घ्याव्यात. मग प्रत्येकाने आल्या वाटेने परतावे. बारा विमानांचे काम चार विमानांत झाले! जानेवारी १९४९ मध्ये ही सेवा सुरू झाली. तिला रात्रीची विमान टपाल सेवा असे नाव मिळाले.

कल्पना सोपी दिसते, पण ती रोज पार पाडणे सोपे नव्हते. त्या काळी डाकोटा जातीची दोन इंजिनांची विमाने वापरीत. त्यांचा वेग ताशी अडीचशे ते तीनशे किलोमीटर असे. नागपूर मुंबईपासून सरळ रेषेत सुमारे ६८० किलोमीटर, दिल्लीपासून सुमारे ८५०, मद्रासपासून सुमारे ९०० आणि कलकत्त्यापासून हजाराच्या जवळपास आहे. म्हणजे मुंबईच्या विमानास अडीच तास पुरत, तर कलकत्त्याच्या विमानास साडेतीन-चार तास लागत. चौघांची गाठ एकाच वेळी पडावी, तर ज्याची वाट लांब त्याने आधी निघावयास हवे. एकास उशीर झाला की उरलेल्या तिघांचाही खोळंबा होई. वारा समोरून असो, आषाढातला मुसळधार पाऊस असो, खाली जंगलातला मिट्ट काळोख असो, विमानांना निघावेच लागे. धावपट्टीच्या कडेचे दिवे वैमानिकास दुरून दिसले की त्याचा जीव भांड्यात पडत असेल, यात शंका नाही.

या विमानांतून थोडे प्रवासीही जात. त्यांना भाडे कमी पडे, म्हणून अर्धी रात्र जागण्यास ते तयार असत. आगगाडीच्या जंक्शनवर गाडी बदलावी, तसे ते सोनेगावास विमान बदलीत. १९५३ साली तेथे नवी इमारत उभी राहिली. तीत उपाहारगृह होते, विश्रांतीच्या खोल्या होत्या, पुस्तकांचे दुकान होते, आणि विमाने पाहण्यास येणाऱ्या लोकांसाठी एक सज्जाही होता. विमानात बसण्याची ऐपत फार थोड्यांना. पण विमान पाहण्याची हौस सर्वांनाच! हा सज्जा बांधणाऱ्याने लोकांचे मन ओळखले होते असे म्हटले पाहिजे.

त्याच वर्षी डिसेंबर महिन्यात या सेवेवर मोठा घाला पडला. नागपुराहून मद्रासकडे निघालेले विमान उड्डाण करताच कोसळले आणि तेरा माणसे मृत्युमुखी पडली. तरीही सेवा चालू राहिली. सकाळी दारात पडणाऱ्या पाकिटामागे किती माणसांनी रात्र जागविली आहे, आणि काय जोखीम पत्करली आहे, हे ते पाकीट फोडणाऱ्यास क्वचितच ठाऊक असे.

सेवा केवळ श्रीमंतांची राहिली नाही, याचे श्रेय त्या वेळचे दळणवळण मंत्री रफी अहमद किडवई यांस द्यावे लागते. पूर्वी विमानाने पत्र पाठवावयाचे तर जादा तिकीट लावावे लागे. १ एप्रिल १९४९ पासून देशातल्या देशात साधे पत्रही, जेथे विमानाने लवकर पोचत असेल तेथे, जादा आकार न घेता विमानाने जाऊ लागले. शेंदूरजनाघाटच्या बागाइतदाराचे पत्र आणि मुंबईच्या गिरणीमालकाचे पत्र एकाच थैलीतून उडू लागले.

ऑक्टोबर १९७३ मध्ये ही सेवा बंद झाली. योगायोग असा की, त्याच वर्षी एप्रिल महिन्यात अमेरिकेतील मेंफिस या शहरी फेडरल एक्सप्रेस नावाच्या कंपनीने नेमकी अशीच व्यवस्था सुरू केली. ठिकठिकाणची विमाने रात्री एका मध्यवर्ती ठिकाणी आणावयाची, पुडकी वाटून घ्यावयाची आणि पहाटेपूर्वी परत धाडावयाची, हीच तिची रीत. पहिल्या रात्री तिच्या विमानांनी अवघी १८६ पुडकी नेली. पुढे ती कंपनी जगभर पसरली आणि तिची रीत नावाजली गेली. नागपुरात ती रीत त्यापूर्वी चोवीस वर्षे रोज रात्री पाळली जात होती, हे मात्र फारसे कोणी सांगत नाही.

आता विमानतळाच्या मुख्य अंगाकडे, म्हणजे धावपट्टीकडे वळू. सोनेगावची धावपट्टी ३२०० मीटर लांब व ४५ मीटर रुंद आहे. तिच्या एका टोकास १४ आणि दुसऱ्या टोकास ३२ असे मोठे आकडे रंगविलेले आहेत. हे आकडे दिशा दाखवितात. उत्तरेपासून घड्याळाच्या काट्यांप्रमाणे अंश मोजले, तर धावपट्टीची एक दिशा सुमारे १४० अंश व उलट दिशा सुमारे ३२० अंश येते. शेवटचे शून्य गाळून उरलेला आकडा लिहिण्याचा प्रघात जगभर आहे. वैमानिक कोणत्याही देशाचा असो, त्याला हा आकडा वाचता येतो. वाऱ्याच्या दिशेकडे तोंड करून विमान उडविणे व उतरविणे सुरक्षित असते. म्हणून वारा फिरला की धावपट्टीचे टोकही बदलते.

पण धावपट्टी इतकी लांब कशासाठी? यात विदर्भाच्या उन्हाळ्याचाही वाटा आहे. विमान पंखांवरून वाहणाऱ्या हवेच्या बळावर उचलले जाते. हवा तापली की विरळ होते. वैशाखात नागपुरास पारा ४५ अंशांपर्यंत चढतो, तेव्हा तेथील हवा हिवाळ्यातील थंड पहाटेच्या मानाने सुमारे एक दशांशाने विरळ झालेली असते. विरळ हवेत पंखांना उचल कमी मिळते, इंजिनाचा जोरही घटतो. मग पुरेसा वेग येईपर्यंत विमानास अधिक अंतर धावावे लागते. धावपट्टी अपुरी असेल तर ओझे कमी करण्यावाचून गत्यंतर नसते. हवेची ही सारी माहिती जागच्या जागी मिळावी म्हणून हवामान खात्याचे विदर्भासाठीचे मुख्य कार्यालयही या विमानतळाच्या आवारातच आहे.

२००५ साली या विमानतळास डॉ. बाबासाहेब आंबेडकर आंतरराष्ट्रीय विमानतळ असे नाव देण्यात आले. बाबासाहेबांनी १४ ऑक्टोबर १९५६ रोजी याच शहरी धम्मदीक्षा घेतली, आणि दीक्षाभूमीच्या दर्शनास परदेशांतूनही बौद्ध यात्रेकरू येतात. तेव्हा हे नाव येथे शोभून दिसते. १४ एप्रिल २००८ रोजी, बाबासाहेबांच्या जयंतीदिनी, प्रवाशांसाठी सतरा हजार पाचशे चौरस मीटरांची नवी इमारत खुली झाली. परदेशी जाणाऱ्याचे पारपत्र येथे तपासले जाते. परदेशाहून येणाऱ्याचे सामान सीमाशुल्काचे अधिकारी पाहतात. आखातातील शारजा व दोहा या शहरांशी विमानसेवा सुरू झाल्यापासून विदर्भातील माणसास परदेशी जाण्यासाठी मुंबई गाठलीच पाहिजे असे राहिले नाही. २०२३-२४ या एका वर्षात पंचवीस लाखांहून अधिक प्रवासी येथून गेले-आले. २०१९ पासून नागपूरची मेट्रो विमानतळाच्या बाजूने धावते. त्या मार्गाचे नाव 'ऑरेंज लाईन', म्हणजे संत्र्याचा मार्ग! वऱ्हाडातल्या मुलांस हे नाव आपलेसे वाटेल.

नागपूरचे मध्यवर्ती स्थान आजही निराळ्या रीतीने उपयोगी पडते. दिल्ली-बंगळूर, मुंबई-कोलकाता अशा मार्गांवरील विमाने या भागावरून जातात. आकाशात एखादा प्रवासी एकाएकी अत्यवस्थ झाला, तर वैमानिक नागपूरच्या नियंत्रण मनोऱ्यास संदेश धाडतो. धावपट्टी मोकळी केली जाते. विमान उतरण्यापूर्वीच रुग्णवाहिका येऊन उभी राहते. अशा प्रसंगी काही मिनिटांवर माणसाचा जीव अवलंबून असतो.

विमानतळाला लागून 'मिहान' नावाची एक विस्तीर्ण योजना आखण्यात आली. तिच्यासाठी २००२ साली महाराष्ट्र विमानतळ विकास कंपनीची स्थापना झाली. देशातील व परदेशातील माल येथे आणून पुन्हा चहूकडे वाटावा, हा तिच्यामागचा विचार. १९४९ च्या टपालाचाच हा विचार, फक्त पत्रांच्या जागी माल आला. योजनेसाठी शिवणगाव, खापरी, तेल्हारा, कलकुही, दहेगाव या गावांच्या जमिनी घेण्यात आल्या. पिढ्यान्‌पिढ्या कसलेली शेते सोडून जाणे शेतकऱ्यांना जड गेले, आणि मोबदल्याचे व पुनर्वसनाचे प्रश्न वर्षानुवर्षे रेंगाळले. विमानतळाचा इतिहास सांगताना या गावांची नावे गाळून चालणार नाही. मिहानमध्ये कारखाने व कचेऱ्या आल्या. मोठ्या विमानांच्या दुरुस्तीसाठी बोइंग कंपनीने एअर इंडियास बांधून दिलेली कर्मशाळा २०१५ साली सुरू झाली. परंतु विमानाने होणारी मालवाहतूक योजनेत कल्पिली होती तितकी वाढली नाही.

वऱ्हाडच्या संत्र्याचेच पाहा. नागपूरच्या नावाने ते ओळखले जाते, पण नागपूरच्या विमानातून ते फारसे जात नाही. फळ वजनाने जड आणि मोलाने बेताचे; विमानाचे भाडे त्यास परवडत नाही. ते ट्रकने जाते, रेल्वेने जाते. वरूडच्या स्टेशनाचे नाव 'वरूड ऑरेंज सिटी' असे आहे, आणि ऑक्टोबर २०२० मध्ये नागपूर ते दिल्ली किसान रेल्वे सुरू झाली तेव्हा तिच्यात संत्री भरली होती. हलके पत्र विमानाने गेले आणि जड फळ रुळांवरून गेले, यात नवल नाही.

शेंदूरजनाघाटच्या माणसास विमान गाठण्यासाठी आजवर सुमारे शंभर किलोमीटरवरील नागपूरचाच रस्ता ठाऊक होता. १६ एप्रिल २०२५ रोजी अमरावतीजवळ बेलोरा येथील विमानतळावरून मुंबईची प्रवासी सेवा सुरू झाली. तेथील धावपट्टी १८५० मीटरांची आहे. तिच्यावर सत्तर-बहात्तर माणसांचे, पंख्याच्या इंजिनांचे विमान उतरू शकते. समुद्रापार जावयाचे असेल, तर वऱ्हाडातून सोनेगावचा रस्ताच धरावा लागतो.