एक पलंग, दोन गाद्या

नवरा-बायको गादी घ्यायला गेले की निवड बहुतेक वेळा एकाच वाटेने जाते. एकाला कडक हवी असते, दुसऱ्याला मऊ, आणि विक्रेता ‘मीडियम’ म्हणून जी दाखवतो तिच्यावर दोघं राजी होतात. ही तडजोड समजूतदारपणाची वाटते खरी, पण माझ्या मते गादीच्या खरेदीत सगळ्यात महाग तीच पडते. दोघांच्या चष्म्याचे नंबर वेगळे असले म्हणून सरासरी नंबरचा चष्मा कुणी करून घेत नाही. या तडजोडीला कंटाळलेले लोक मग दुसऱ्या टोकाला जातात आणि रिमोटवर वर-खाली होणारा महागडा पलंग घेऊन मोकळे होतात. मी सांगेन ते यापेक्षा साधं आहे: पलंग एकच ठेवा, गाद्या दोन घ्या. यंत्राचा विचार त्यानंतर करा, आणि तोही नेमकी कुठली गरज भागवायची आहे हे सांगता आलं तरच.

मधली गादी दोघांना का पुरत नाही, याचं कारण सरळ आहे. गादी कडक लागते की मऊ, हे झोपणाऱ्याचं वजन आणि झोपायची पद्धत यांवर ठरतं. ५० किलोच्या माणसाला जो फोम घट्ट वाटतो, त्यातच ९० किलोचा माणूस कमरेपाशी खोल जातो. कुशीवर झोपणाऱ्याचा खांदा आणि खुबा गादीत थोडा उतरावा लागतो, नाहीतर हाताला मुंग्या येतात. पालथं झोपणाऱ्याची कंबर मात्र खाली गेली की पाठ उलटी वाकते. या दोन गरजांची सरासरी काढली की दोघांनाही थोडं थोडं दुखतं. शिवाय अखंड गादीची जड बाजू दबली की हलका माणूस उताराला लागतो आणि झोपेतही स्वतःला सावरत राहतो. प्रत्येक स्प्रिंग वेगळ्या कापडी पिशवीत बसवलेली पॉकेट स्प्रिंगची गादी किंवा मेमरी फोम यांमुळे शेजारच्याने कूस बदलल्याचे हादरे कमी होतात, पण कडकपणाचा प्रश्न तसाच राहतो. दुकानात ‘४० डेन्सिटी’ हा शब्द कडकपणाचं माप असल्यासारखा फेकला जातो, तोही फसवा आहे. घनता म्हणजे एक घनमीटर फोमचं किलोतलं वजन. त्यावरून गादी किती टिकेल याचा अंदाज येतो. ती कडक आहे की मऊ, हे त्यातून कळत नाही.

यावर एक आक्षेप अभ्यासाच्या आधाराने घेता येईल. स्पेनमधल्या संशोधकांनी २००३ साली ‘द लॅन्सेट’मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. जुनाट कंबरदुखीच्या ३१३ रुग्णांपैकी काहींना कडक आणि काहींना मध्यम कडक गादी दिली होती. ९० दिवसांनी मध्यम कडक गादीवाल्यांची स्थिती अधिक सुधारलेली आढळली. ‘कंबर धरलीय ना, मग फळीवर झोप’ या घरोघरच्या सल्ल्याला त्याने चांगलाच छेद दिला. मग मध्यम गादी सगळ्यांना चालतेच की, असं कुणी म्हणेल. पण तो प्रयोग एकेका रुग्णाच्या पाठीचा होता. एकाच गादीवर दोन वेगळ्या शरीरांची सोय होते का, हे त्यात तपासलेलं नव्हतं. शिवाय तिथला ‘मध्यम’ ठरलेल्या मोजपट्टीवरचा होता. दुकानातल्या लेबलावरचा ‘मीडियम’ मात्र कंपनीगणिक बदलतो.

‘ॲडजस्टेबल’ या एका शब्दाखाली तीन वेगळ्या गोष्टी विकल्या जातात, त्या सुट्या करून पाहायला हव्यात. पहिली म्हणजे कडकपणा बदलणं. अमेरिकेत १९८७ साली सुरू झालेल्या, आज ‘स्लीप नंबर’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या कंपनीने दोन्ही बाजूंना हवेचे वेगळे कप्पे असलेली गादी लोकप्रिय केली. कप्प्यात हवा जास्त भरली की ती बाजू कडक होते. अशा गादीत पंप आणि नळ्या येतात, म्हणजे दुरुस्तीही आली. आपल्या गावात तिचे सुटे भाग मिळणार नसतील तर हा नाद सोडलेला बरा. दुसरी गोष्ट म्हणजे उतार बदलणं, म्हणजे डोक्याकडचा किंवा पायाकडचा भाग मोटरने उचलणं. आणि तिसरी म्हणजे दोन बाजू एकमेकींपासून वेगळ्या असणं. जाहिरात पहिल्या दोन गोष्टींची होते, पण बहुतेक जोडप्यांचा प्रश्न तिसरीच सोडवते, आणि ती सगळ्यांत स्वस्त आहे. आपल्याकडे ७२ बाय ७८ इंचांची गादी किंग म्हणून मिळते आणि ३६ बाय ७८ इंचांची सिंगल. दोन सिंगल शेजारी ठेवल्या की किंगचा पलंग बरोबर भरतो. एक बाजू लॅटेक्सची आणि दुसरी काथ्याची असली तरी बिघडत नाही. जाडी तेवढी सारखी हवी.

मोटरच्या पलंगाला माझा विरोध नाही. ज्याला रात्री आडवं झालं की आंबट पाणी वर येतं, त्याला डोक्याकडची बाजू सहा ते आठ इंच उंच केल्याने आराम पडू शकतो. गुडघे धरलेल्या माणसाला पलंगावरून उठणंही सोपं जातं. पण अशा सांगाड्यावर अखंड गादी टाकली तर एकासाठी दुसऱ्यालाही वाकून झोपावं लागतं, म्हणजे गादी दोन भागांत हवी हे इथेही आलंच. गादी वाकणारीही हवी, म्हणजे फोमची किंवा लॅटेक्सची. काथ्याची ताठ गादी तिथे चालत नाही. आधी त्या एका बाजूला फोमची उतरती उशी ठेवून काही आठवडे पाहावं. फायदा झाला तरच मोटरचा खर्च करावा. घोरण्याचं मात्र वेगळं आहे. घोरता घोरता श्वास अडकत असेल तर कुठलीही गादी हा त्यावरचा उपचार नव्हे. आधी डॉक्टर गाठावा.

दोन गाद्यांना लोक हरकती घेतात त्या तीन. मधल्या फटीचं म्हणाल तर वर एकच पातळ टॉपर आणि एकच घट्ट चादर घातली की ती जाणवत नाही, आणि बॉक्स-बेडच्या कडा गाद्या सरकू देत नाहीत. तान्हं मूल मध्ये झोपत असेल तर मात्र ही हरकत शंभर टक्के खरी आहे: फटीत बाळ अडकण्याचा धोका असतो, त्यामुळे त्याला वेगळ्या पाळण्यात झोपवावं. तिसरी हरकत मनातली असते, वेगळ्या गाद्या म्हणजे दुरावा. जर्मनीत एका पलंगावर दोन गाद्या आणि दोन पांघरुणं ही सर्रास रीत आहे. आणि गादीवाल्याने कापूस पिंजून भरलेल्या सुट्या गाद्या शेजारी-शेजारी अंथरून आपल्याही घरांत कितीतरी पिढ्या झोपल्या. झोपमोड असह्य झाली की माणसं दुसऱ्या खोलीत जाऊन झोपतात. दुरावा म्हणायचा तर तो म्हणावा.

खरेदीला दोघांनी मिळून जावं, पण निर्णय आपापल्या बाजूचा घ्यावा. घरी ज्या कुशीवर झोपता त्याच कुशीवर दुकानात दहा-पंधरा मिनिटं पडून पाहा. उताणं होऊन हाताने गादी दाबण्यातून काही कळत नाही. ‘शंभर रात्री वापरून पाहा’ असं आश्वासन असेल तर परतीचं भाडं कोण देणार आणि पूर्ण पैसे मिळणार का, हे लेखी घ्या. आणि दोघांपैकी कुणी ‘मला काहीही चालेल’ म्हणालं, तर त्या दिवशी गादी घेऊ नका. चालवून घेणारी ती व्यक्ती पुढची आठ-दहा वर्षं त्याच गादीवर झोपणार आहे, आणि तिला नेमकं काय हवं ते अजून कुणी विचारलेलंच नाही.